महालक्ष्मीची शिवलेली साडी, बायकांच्या साडीचं कमिशन: कॅटेगरी चुकली तर किती कापलं जातं?

रामबागची_शिलाई (इंदूर)
२४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. नवरात्र सुरू आहे, हातात काम भरपूर आहे, तरी लिहायला बसले, कारण गेले आठ दिवस झोप लागत नाहीये.

आम्ही रामबागेत घरीच महालक्ष्मीच्या शिवलेल्या साड्या करतो. सासूबाईंनी सुरू केलेलं काम. निऱ्या आधीच घालून शिवलेल्या, पदर जोडलेला, मागे नाडी. उभ्या महालक्ष्मीच्या स्टँडवर चढवली की झालं. दोन फुटी ज्येष्ठा-कनिष्ठेची जोडी ८५० रुपयांना देतो. चार बायका शिवतात. तीन वर्षांपासून ऑनलाइन विकतो. साइटचं नाव घेत नाही, पण मोठी आहे.

आतापर्यंत माल ‘पूजा साहित्य’ या कॅटेगरीत होता. जुलैत नवे रंग आणले, नव्या लिस्टिंग (साइटवरची मालाची पानं) टाकल्या, कॅटेगरी तीच निवडली. पानावरही तीच दिसते. पण सप्टेंबरचं सेटलमेंट, म्हणजे साइट फी कापून पैसे देते त्याचा हिशोब, ओळीओळीने वाचलं तेव्हा कळलं, की नव्या रंगांवर कमिशन ८ नाही, १७ टक्क्यांनी कापलंय. बायकांच्या साड्या-कपड्यांचा जो दर आहे, तो.

हिशोब असा. ८५० मधून जीएसटीचे ४०.४८ गेले. कापड, काठ, अस्तर, शिलाई धरून ४३०. शिपिंग आणि क्लोजिंग फी (दर ऑर्डरमागे साइट घेते ती) जीएसटीसह ११८. आता ८ टक्के कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी म्हणजे ८०.२४. हातात उरतात १८१ रुपये. १७ टक्क्यांनी तेच १७०.५१ होतात आणि उरतात ९१. बरोबर निम्मे.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. पूजा साहित्यात माल परत घेत नव्हते, फुटका-फाटका निघाला तर बदलून द्यायचा. कपड्यांच्या कॅटेगरीत ग्राहकाला काही दिवस ‘आवडलं नाही’ म्हणून परत करता येतं. नव्या रंगांच्या २३ जोड्या गेल्या. महालक्ष्म्यांचं विसर्जन २ सप्टेंबरला झालं आणि त्या आठवड्यात ६ जोड्या परत आल्या. चारांवर हळदीकुंकवाचे डाग. एकीच्या निऱ्यांत अक्षता होत्या. परतीचं भाडंही माझ्याच खात्यातून.

सासूबाईंनी त्या साड्या हातात घेतल्या आणि काही बोलल्या नाहीत. देवीला नेसवलेलं वस्त्र आहे, दुसऱ्याला विकता येत नाही, टाकवतही नाही.

मी कॅटेगरी बरोबर निवडली होती. मग हे झालं कसं? कुणाला अनुभव असेल तर कृपा करून सांगा.

---

सियागंजकर (इंदूर)
२४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:३५

ताई, वाचून वाईट वाटलं. अक्षतांचं तर फारच.

मी मसाला आणि नमकीनमध्ये आहे, दुकान सियागंजात. मुलगा ऑनलाइन बघून राहिला आहे चार वर्षांपासून. आमच्याकडे गेल्या दिवाळीत असंच झालं होतं. लौंग सेव, मिक्स्चर, शंकरपाळे असा फराळाचा डबा बनवला आणि पुढे ‘गिफ्ट’ शब्द लावला, कारण लोक तोच शोधतात. डबा खाण्याच्या वस्तूंतून उचलून गिफ्ट हॅम्परमध्ये गेला. दर वेगळा लागला. आम्हाला कळलं भाऊबीज झाल्यावर. तोपर्यंत माल संपला, पैसे आले, हिशोब कुणी बघतो का? पेमेंट आलं म्हणजे सगळं बरोबर असं धरून चाललो होतो.

तुम्ही सेटलमेंट ओळीओळीने वाचलंत हीच मोठी गोष्ट. इंदुरात निम्मे विक्रेते फक्त बँकेचा मेसेज वाचून राहिले आहेत.

---

कॅटलॉगवाला (राजेंद्र नगर, इंदूर)
२५ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:१०

रामबागताई, मी सहा वर्षं विक्रेत्यांचे कॅटलॉग भरून देतो, क्लॉथ मार्केटपासून पीथमपूरपर्यंत. तुमच्याबाबतीत काय झालं असावं ते सविस्तर लिहितो, कारण हे फार लोकांना माहीत नसतं आणि माहीत नसल्याची किंमत दर नगामागे द्यावी लागते.

एका लिस्टिंगला एकच कॅटेगरी असते असं आपण समजतो. प्रत्यक्षात निदान तीन असतात. एक, ग्राहकाला पानावर दिसते ती: होम, मग पूजा, मग देवाची वस्त्रे अशी पायऱ्या-पायऱ्यांची. दुसरी, मालाचा प्रकार: फाइल भरताना कोणते रकाने सक्तीचे, साइज चार्ट लागणार की नाही, हे यावरून ठरतं. तिसरी, फी कोणत्या दराने कापायची ती. साइटच्या हिशोबाच्या यंत्रणेत ती वेगळी नोंदलेली असते. पहिली तुम्ही निवडता. तिसरी बहुतेक वेळा यंत्र ठरवतं, आणि ते पहिलीकडे बघूनच ठरवेल असं नाही. टायटल, सर्च टर्म (ग्राहक शोधतील असे आपण भरलेले शब्द), मालाचा प्रकार, काही वेळा फोटोसुद्धा, सगळं बघून अंदाज बांधतं.

तुमचं टायटल मी न बघता सांगतो. त्यात ‘साडी’ आहे, ‘सिल्क’ आहे, आणि सर्च टर्ममध्ये कुणीतरी ‘साडी फॉर विमेन’ टाकलेलं असणार.

दर वेगवेगळे का असतात, तेही सांगतो. प्रत्येक धंद्यात नफा किती सुटतो, माल परत किती येतो, सांभाळायला किती त्रास, यावरून साइट आपला हिस्सा ठरवते. मोबाईल फोनवर दुकानदाराला फार थोडं सुटतं, म्हणून कमिशनही थोडं. फोनच्या कव्हरवर भरपूर सुटतं, तिथे जास्त. कपड्यांत नफाही मोठा आणि परतीही मोठ्या. तुमची जोडी कुणी माप चुकलं म्हणून परत करणार नाही, पण यंत्राने ‘साडी’ वाचलं की कपड्यांचा सगळा संसार तुमच्या माथी आला: त्यांचं कमिशन, त्यांची परतीची मुदत, त्यांचे फोटोचे नियम.

आता काय करायचं.

आधी फी रिपोर्ट काढा, पेमेंटचा सारांश नव्हे. त्यात प्रत्येक ऑर्डरसमोर विक्री किंमत आणि कमिशन असतं. भागाकार करा. जो टक्का येईल तो साइटच्या जाहीर दरपत्रकात शोधा. तो कुठल्या नावापुढे छापलाय ते दिसलं की तुमचा माल त्यांच्या वहीत कुठे बसलाय ते कळतं. दरपत्रक कुणालाही बघता येतं. ॲमेझॉनचं तर लॉगिन न करताही उघडतं.

मग टायटल दुरुस्त करा. ‘महालक्ष्मी गौरी वस्त्र, स्टँडसाठी शिवलेले, जोडी’ अशी सुरुवात ठेवा. ‘विमेन’ हा शब्द कुठेच नको. पहिला फोटो स्टँडवर नेसवलेला, मुखवट्यासह. नुसती पसरलेली साडी पहिल्या फोटोत ठेवू नका.

मग केस टाका, म्हणजे साइटकडे तक्रार नोंदवा. ‘कमिशन जास्त कापलंय’ एवढंच लिहिलं तर ‘आमच्या दरपत्रकाप्रमाणे कापलंय’ असं ठरलेलं उत्तर येतं. ‘फीची कॅटेगरी चुकली आहे, तपासून बदला आणि मागचा फरक द्या’ असं लिहा. सोबत जुन्या रंगाची लिस्टिंग जोडा, जी त्यांनीच बरोबर दराने कापली आहे. हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. एकच माल, एकच विक्रेता, दोन दर.

---

रामबागची_शिलाई
२५ सप्टेंबर २०२५, दुपारी १:२०

दादा, तुम्ही टायटल न बघता अगदी तेच सांगितलंत. ‘सिल्क साडी फॉर गौरी महालक्ष्मी’ असं आहे. भाचीने सर्च टर्म भरल्या होत्या, त्यात ‘विमेन’ आहे. तिला दोष देत नाही, तिने इतर विक्रेत्यांचं बघून भरलं.

भागाकार केला, सतराच आला. आज रात्री केस टाकते.

---

जेलरोड_मोबाईल (इंदूर)
२५ सप्टेंबर २०२५, दुपारी ३:०५

मी मोबाईलच्या वस्तू विकतो. माझं सरळ मत सांगतो. ज्या कॅटेगरीत कमिशन कमी, तिथे माल टाका. कव्हर, स्टँड, होल्डर, चार ठिकाणी बसतात. साइट आपल्याला विचारून दर ठरवत नाही, मग आपणही विचारू नये. ताईंनी पूजा साहित्यापेक्षाही स्वस्त कप्पा मिळाला तर तिकडे जावं.

---

कॅटलॉगवाला
२५ सप्टेंबर २०२५, दुपारी ४:४०

भाऊ, मी याच्याशी सहमत नाही, आणि हे मी दोन विक्रेत्यांचं खातं बंद पडलेलं पाहिल्यावर सांगतोय. एकाने किचनच्या वस्तू पुस्तकांच्या बाजूला नेऊन ठेवल्या होत्या. आठ महिने चाललं. नंतर तपासणी झाली आणि सगळ्या महिन्यांचा फरक एकाच सेटलमेंटमधून वळता झाला. दिवाळीच्या तोंडावर खात्यात उणे आकडा. लिस्टिंग गेल्या, त्यांच्यावरचे चारशे रिव्ह्यू गेले.

एखादी वस्तू खरोखर दोन ठिकाणी बसत असेल, तर त्यातली सोयीची निवडणं हा विक्रेत्याचा हक्क आहे. त्यात काही खोटं नाही. पण ती तिथे का बसते हे फोटो, टायटल, बिल आणि एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) या चारांनी एकच सांगितलं पाहिजे. ताईंची जोडी पूजा साहित्य आहे कारण ती खरंच पूजेची आहे, आठ टक्के आहे म्हणून नाही.

---

जेलरोड_मोबाईल
२५ सप्टेंबर २०२५, सायंकाळी ६:१५

उणे आकड्याचं माहीत नव्हतं. माझ्या दोन लिस्टिंग बघतो आज.

---

खातेवही (स्नेहलतागंज, इंदूर)
२६ सप्टेंबर २०२५, सकाळी ११:००

मी सीए आहे. वर एचएसएनचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण माझ्याकडे येणारे बरेच विक्रेते या दोन गोष्टींची गल्लत करतात. साइटची कॅटेगरी हा तुमचा आणि साइटचा करार. एचएसएन हा तुमचा आणि सरकारचा. साइटने तुम्हाला साडीत टाकलं म्हणून तुमचा माल जीएसटीत साडी होत नाही, आणि साइटने पूजा साहित्यात टाकलं म्हणून कर कमीही होत नाही. लिस्टिंग टाकताना साइट कॅटेगरीवरून एक करकोड आपोआप सुचवते. तो डोळे मिटून स्वीकारू नका.

ताईंच्या मालापुरतं: एचएसएनच्या यादीतली प्रकरणं ६१ आणि ६२ अंगावर घालायच्या कपड्यांची, ६३ इतर शिवलेल्या कापडी वस्तूंचं. कुठे बसतं ते तुमच्या सीएकडून एकदा लेखी ठरवून घ्या. ८५० रुपयांच्या वस्तूवर दर दोन्हीकडे ५ टक्केच आहे, त्यामुळे आज पैशाचा फरक नाही. या सोमवारपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालासाठी गेले. कपड्यांची ५ टक्क्यांची मर्यादा १००० वरून २५०० रुपयांवर आली, त्यावर १८. सियागंजकर काका, नमकीन १२ वरून ५ वर आलं आहे, तुमच्या लिस्टिंगमधला करकोड आजच तपासा. जुना राहिला असेल तर ग्राहकाकडून जास्त कर घेतला जाईल, आणि घेतलेला कर सरकारला भरावाच लागतो.

आता ताईंच्या हिशोबात एक दुरुस्ती. कमिशनवरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही खर्चात धरला आहे. नियमित नोंदणी असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर तुमच्या विक्रीवरच्या करातून वजा होतो. त्या हिशोबाने फरक ९०.२७ नाही, ७६.५० आहे. पण इथे एक मेख आहे. तुमचा विक्रीवरचा कर ४०.४८. कापडावरचं क्रेडिट सुमारे १५, शिपिंगवरचं १८, आणि चुकीच्या कमिशनवरचं २६. बेरीज ५९. म्हणजे दर जोडीमागे सुमारे साडेअठरा रुपये क्रेडिट वापरताच येत नाही, साचत राहतं. सेवांवरच्या अशा साचलेल्या क्रेडिटचा परतावा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व्हीकेसी फुटस्टेप्स प्रकरणात तो नियम कायम ठेवला. बरोबर कॅटेगरीत हेच साचणं पाचेक रुपयांवर येतं. म्हणजे वाढीव कमिशनवरचं सगळं क्रेडिट साचतच राहतं, आणि ते पुढे वापरता आलं नाही तर तुमचं खरं नुकसान ९० च.

कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असणाऱ्यांना क्रेडिटच नाही. त्यांनीही पूर्ण ९० धरावेत.

सेटलमेंटमध्ये साइटने कापून सरकारकडे भरलेल्या आणखी दोन कपाती दिसतील: जीएसटीची टीसीएस ०.५ टक्का (१० जुलै २०२४ पूर्वी १ होती) आणि आयकराची टीडीएस ०.१ टक्का (१ ऑक्टोबर २०२४ पूर्वी १). या फी नाहीत, तुमचेच पैसे आहेत, रिटर्नमध्ये परत मिळतात. कमिशनचा टक्का काढताना त्या मिसळू नका.

---

देवासची_मृणाल
२६ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:२५

सर, माझ्याकडे जीएसटी नंबर नाही. तोरणं आणि रांगोळीचे साचे करते. मला ऑनलाइन विकता येईल का?

---

खातेवही
२६ सप्टेंबर २०२५, दुपारी १२:५०

येईल, पण फक्त मध्य प्रदेशातल्या मध्य प्रदेशात. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतल्या लहान विक्रेत्यांना ही सवलत आहे. जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रात एक जरी तोरण पाठवायचं असेल तरी पूर्ण नोंदणी हवी. आणि साइट असे विक्रेते घेते का ते आधी विचारा.

---

बडोद्याचा_चौरंग (वडोदरा)
२६ सप्टेंबर २०२५, रात्री ९:३०

इंदूरच्या मंडळींच्या धाग्यात बडोद्याहून लिहितो आहे. मी संखेड्याचे लाखकाम केलेले सागवानी चौरंग विकतो. संखेडा आमच्यापासून जवळ आहे, कारागीर खरादावर (लेथवर) पाय कातून त्यावर लाखेचे रंग चढवतात.

माझं भांडण कमिशनचं नव्हतं, वजनाचं होतं. चौरंग ‘फर्निचर’मध्ये गेला आणि त्याला मोठ्या सामानाची शिपिंग लागली. खरं वजन साडेचार किलो. पण शिपिंगला घनफळाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, आणि ते व खरं यांतलं जे मोठं ते. माझा खोका ४५ बाय ४५ बाय २५ चा. ५०,६२५ भागिले ५०००, म्हणजे १० किलोच्या वर. साडेचार किलोच्या वस्तूचं भाडं दहा किलोचं.

मी दोन गोष्टी केल्या. कॅटेगरी ‘पूजा चौकी’ करून घेतली. तो फर्निचर नाही, त्यावर देव बसतात, माणूस नाही, आणि हे फोटोत दाखवलं. दुसरं, कारागिराला सांगून पाय पेचाचे करून घेतले, काढून ठेवता येतील असे. आता खोका ४७ बाय ४७ बाय ९. भागाकार चारच्या आत, म्हणून खरं साडेचार किलो लागतं. भाडं निम्म्याहून कमी झालं.

कारागीर आधी तयार नव्हता. पेचाचा पाय पुढे डुगडुगतो असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. दोन महिने त्याने वेगवेगळे पेच करून पाहिले. आत्ता जो आहे तो पितळी इन्सर्टचा, डुगडुगत नाही. हे काम त्याचं आहे, माझं नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

---

चामड्याचा_हत्ती (इंदूर)
२७ सप्टेंबर २०२५, सकाळी १०:१५

आमच्या इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. तारेचा सांगाडा, आत भरण, वरून कातडं. हत्ती, घोडे, वाघ. जीआय (त्या त्या गावच्या खास मालाची सरकारी नोंद) नोंदणी ‘लेदर टॉइज ऑफ इंदूर’ याच नावाने आहे. नावातच खेळणी आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते.

‘खेळणी’ कॅटेगरीत टाकलं की बीआयएसचं (मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं) प्रमाणपत्र मागतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. पण त्या आदेशात सूट आहे: हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांचा माल, आणि जीआयच्या अधिकृत वापरकर्त्याचा माल. साइटच्या यंत्राला ही सूट कळत नाही. लिस्टिंग अडते. मग लोक ‘शोपीस’मध्ये टाकतात. माल लगेच चढतो, पण ‘इंदूर लेदर टॉय’ शोधणाऱ्याला सापडत नाही, आणि शोभेच्या वस्तूंचं कमिशन आमच्या साइटवर खेळण्यांपेक्षा जास्त आहे.

आम्ही कारागीर ओळखपत्र आणि जीआयचे कागद जोडून तीनदा केस टाकली. तिसऱ्यांदा माणसाने वाचली. पहिल्या दोन वेळा कुणी वाचलीच नव्हती, हे उत्तरावरून कळत होतं. मोठे हत्ती मात्र आम्ही आपणहून शोपीसमध्येच ठेवले. दीड फुटी हत्तीशी पोर खेळत नाही, तो बैठकीतच उभा राहतो.

---

लष्कर_ग्वाल्हेर
२७ सप्टेंबर २०२५, दुपारी २:००

गजकवाले आम्ही. धंदा थंडीचे तीन-चार महिने. ‘मिठाई’ आणि ‘चिक्की व स्नॅक’ यांत दर वेगळा लागतो, आम्ही दुसऱ्यात आहोत. फक्त एवढंच सांगतो की हंगामी माल असेल तर केस हंगामाच्या आधी टाका. आमची संक्रांतीनंतर सुटली होती.

---

सियागंजकर
२७ सप्टेंबर २०२५, रात्री १०:०५

खातेवही साहेब, करकोड जुनाच निघाला, ११ लिस्टिंगमध्ये. मुलाने बसून सगळे बदलले. फार उपकार झाले.

फराळाच्या डब्याचं नाव यंदा ‘दिवाळी फराळ नमकीन डबा’ असं केलं, ‘गिफ्ट’ शेवटी. एक नग घरूनच ऑर्डर करून पाहिला, कमिशन खाण्याच्या वस्तूंचंच लागलं. नवी लिस्टिंग टाकली की एक ऑर्डर आपणच करून फी बघायची, हे मुलाने ठरवून टाकलं आहे.

---

कॅटलॉगवाला
२८ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:३०

काका, ऑर्डरही करायची गरज नाही. बहुतेक साइटवर फी कॅल्क्युलेटर असतो. पण तो कधी कधी तुम्ही निवडलेल्या कॅटेगरीवरून आकडा देतो आणि कापलं जातं दुसऱ्याच दराने, म्हणून पहिलं सेटलमेंट आल्यावर ताळा करायचाच. आणि स्वतःच्याच मालाच्या ऑर्डरी वारंवार करू नका, त्याला साइट वेगळा अर्थ लावते. एकदाच.

किमतीचे टप्पेही बघा. ॲमेझॉनने ७ एप्रिल २०२५ पासून १३५ कॅटेगरींत ३०० रुपयांखालच्या मालावर रेफरल फी, म्हणजे कमिशन, शून्य केली. २९५ आणि ३०५ यांत विक्रेत्याच्या हातात काय पडतं, ते मांडून पाहिल्याशिवाय किंमत ठरवू नका. क्लोजिंग फी आणि शिपिंग मात्र शून्य होत नाही.

---

रामबागची_शिलाई
११ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:१५

मंडळी, काय झालं ते सांगते.

पहिल्या केसला तेच उत्तर आलं, ‘दरपत्रकाप्रमाणे कापलंय’. ते वाचून मी सोडून देणार होते. सासूबाई म्हणाल्या, परत लिही, आणि या वेळी जुन्या रंगाची जोडी आणि नव्या रंगाची जोडी शेजारी शेजारी स्टँडवर ठेवून फोटो पाठव. दिवाळीच्या ऑर्डरी बाजूला ठेवून त्यांनी स्वतः दोन्ही महालक्ष्म्या उभ्या केल्या, मुखवटे काढले, नथ घातली. अवेळी देवी उभ्या करायच्या म्हणून आधी हात जोडले.

दुसऱ्या केसला फोन आला. मुलगी मराठी नव्हती, तिला महालक्ष्मी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी सांगितलं, ही दोन फुटांची आहे, माणसाला नेसता येत नाही. ती म्हणाली, पानावर उंची कुठेच लिहिलेली नाही. खरंच नव्हती! आम्हाला इतकं उघड वाटतं की लिहायचं सुचलंच नाही. ‘स्टँडची उंची २४ इंच, मूर्तीसाठी, माणसांसाठी नाही’ ही ओळ त्याच दिवशी घातली.

चार दिवसांनी फीची कॅटेगरी बदलली. मागचा फरक परत झालेल्या ६ जोड्या सोडून १७ जोड्यांचा मिळाला. परतीचं भाडं मिळालं नाही, ते त्यांनी स्पष्ट नाकारलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टायटलमधून ‘साडी’ पुढून काढून मागे नेल्यापासून पानावर येणारी माणसं कमी झाली आहेत. लोक ‘गौरी साडी’ असंच शोधतात. कमिशन वाचलं, पण विक्रीचं काय होईल ते पुढच्या भाद्रपदातच कळेल.

---

बडोद्याचा_चौरंग
१२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७:५०

ताई, ‘साडी’ पूर्ण काढू नका. ‘महालक्ष्मी गौरी मूर्ती वस्त्र’ पुढे आणि ‘साडी’ वर्णनात व सर्च टर्ममध्ये ठेवा. माझा ‘चौरंग’ शब्द गुजरातेत कुणी शोधत नाही, ‘बाजोठ’ शोधतात. मी दोन्ही आत ठेवले आहेत. कॅटेगरी हलली नाही.

सासूबाईंना नमस्कार सांगा.

---

कॅटलॉगवाला
२६ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:४०

धागा वर आणतो. फ्लिपकार्टने या महिन्यात १००० रुपयांखालच्या मालावर पात्र विक्रेत्यांना कमिशन शून्य जाहीर केलं आहे. मीशोवर शून्य कमिशन २०२१ पासून आहेच. मला कालपासून फोन येतायत, ‘आता कॅटेगरीचं काय काम?’

काम आहे. कमिशन हा एक आकडा गेला. माल परत घेण्याची मुदत, कोणते कागद लागणार आणि ग्राहकाला माल कुठे सापडणार, हे कॅटेगरीवरूनच ठरतं. ताईंच्या ६ जोड्या कमिशन शून्य असतं तरी परत आल्याच असत्या.

---

रामबागची_शिलाई
२७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:२०

खरं आहे दादा. माझं जास्त नुकसान परतीतच झालं, कमिशनचे पैसे निदान अर्धे-अधिक मिळाले.

नवी गोष्ट. आम्ही आता पितळी मुखवटेही ठेवतो, ओळखीच्या तांबटाकडून घेतो. पहिली लिस्टिंग टाकली. इंग्रजी टायटलमध्ये ‘गौरी फेस मास्क’ असं लिहिलं गेलं, कारण ग्राहक तसंच शोधतात. यंत्राने तो तोंडाला बांधायच्या मास्कमध्ये टाकला आणि आरोग्याच्या वस्तूंची परवानगी मागतोय. या वेळी विक्रीची वाट न बघता आजच टायटल बदललं: ‘महालक्ष्मी मुखवटा, पितळी, मूर्तीसाठी’. उंची लिहिली, वजन लिहिलं, पहिला फोटो स्टँडवरचा लावला. केस सकाळीच टाकली आहे.

त्या चार डागाळलेल्या जोड्यांचं काय केलं ते दोघी-तिघींनी विचारलं होतं. सासूबाईंनी धुऊन, उसवून त्यांचे काठ वेगळे काढले. दिवाळीत आमच्याच घरच्या देव्हाऱ्याला त्याचं तोरण केलं.